संबलपूरचं कोरं कार्ड

माझ्या लग्नपत्रिकेत माझ्या वडिलांच्या नावापुढे कंसात जे छापलंय ते खोटं आहे. छापणाऱ्याची चूक नाही. मीच सांगितलं होतं, काउंटरपाशी उभं राहून, एकेक अक्षर नीट उच्चारून. 'आयु. निवृत्ती भिका गांगुर्डे' आणि पुढे कंसात 'ट्रान्सपोर्ट व्यावसायिक'.

आमच्याकडे पत्रिकेत प्रत्येक नावापुढे कंस लागतोच. मामाच्या नावापुढे 'प्रेस, नाशिक रोड', चुलत्यांच्या पुढे 'एस.टी.', कोणाच्या पुढे 'म.न.पा.', कोणाच्या पुढे 'शिक्षक'. पत्रिका हातात पडली की आमची माणसं लग्नाची वेळ नंतर बघतात, आधी कंस वाचतात. कंस नसलेला माणूस म्हणजे बिचारा, त्याच्यावरून नजर सरळ खाली घसरते.

माझे वडील ट्रक ड्रायव्हर होते. दुसऱ्याच्या गाडीवर, पगारी, सत्तावीस वर्षं. कंसात मावायला हे किती सोपं होतं. पण माझी जीभच उचलेना.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आई चांगुणा, कारण आईसुद्धा त्यांना आबाच म्हणायची. मी एकुलती एक. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसच्या कॉलनीच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी प्रेसचा भोंगा झाला की कॉलनीतले सगळे बाप सायकलवर निघायचे आणि संध्याकाळी सगळे एकदम परत यायचे. कोपऱ्यावर भाजी घेऊन, पोरांना हाका मारत. माझा बाप कोणत्याच भोंग्याला यायचा नाही. यायचा तो आठ-दहा दिवसांनी, कधी दुपारी, कधी पहाटे, अंगाला डिझेलचा वास आणि डोळे लाल. आल्या आल्या चुलीपाशी बसून दोन कप चहा प्यायचा आणि म्हणायचा, "चांगुणा, गोधड्या काढ."

हा त्यांचा नेम होता. दोन दिवसांची सुट्टी, आणि त्यात पहिलं काम गोधड्या धुवायचं. ओल्या गोधडीचं वजन आईला उचलत नाही म्हणून ते स्वतः टाकीवर बसून आपटायचे. वस्तीतल्या बाया हसायच्या. "निवृत्तीभाऊ, बाईलबुद्धी झाले का?" असं तोंडावर म्हणायच्या. आबा म्हणायचे, "गाडीत आठ टन उचलतो, घरात एक गोधडी जड होती का?" आणि पुन्हा आपटायला लागायचे. आई दाराशी ब्लाउज शिवत बसलेली असायची. ती वर बघायची नाही, पण मशीनचा आवाज थांबलेला असायचा.

दुसरं काम माझ्या वेण्यांचं. हे सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. ताडपत्रीची दोरी आवळायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांनी घातलेली वेणी संध्याकाळपर्यंत केसाइतकीही हलायची नाही. डोकं ताणलं जायचं, मी ओरडायचे, ते म्हणायचे, "भरती ढिली बांधली तर रस्त्यात सांडती." मला तेव्हा फार आवडायचं ते. आठवीत गेल्यावर मी त्यांना केसांना हात लावू देईनाशी झाले. तुमच्या बोटांना ग्रीस असतं, असं मी म्हणाले. त्यांनी बोटं उलटी करून बघितली, लाइफबॉयनं धुतलेली, स्वच्छ.

हंगामात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, ते दिंडोरीहून द्राक्षं भरून कलकत्त्याला जायचे. द्राक्षाची गाडी सगळ्या ड्रायव्हरांना देत नाहीत. कांदा कोणीही नेईल, बटाटा कोणीही नेईल, पण द्राक्षाला झटका बसला की मणी गळतात, आणि मणी गळालेली पेटी तिकडे कोणी हातात धरत नाही. दिंडोरीचे बागाईतदार ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात येऊन सांगायचे, "गाडी कोणतीबी द्या, निवृत्ती पाहिजे." आबा म्हणायचे, "ओली बाळंतीण घेऊन चाललोय असं समजायचं. ब्रेक पायानं नाय, डोळ्यानं मारायचा." म्हणजे काय, तर समोरचं इतकं लांबून बघायचं की ब्रेकवर पाय द्यायची वेळच येऊ नये. त्यांच्यासोबत आलटून पालटून गाडी चालवायला फकिराकाका असायचे. वीस-बावीस वर्षं दोघं एका केबिनमध्ये. आईपेक्षा जास्त दिवस आबांनी फकिराकाकांसोबत काढले असतील.

आता कार्डांचं सांगते, कारण खरं तर सगळं तिथंच आहे.

एकोणीसशे नव्वदच्या हंगामात आबा नऊ दिवस उशिरा आले. ओरिसात कुठं तरी पूल बंद होता आणि गाड्यांची रांगच्या रांग अडकली होती. तेव्हा फोन कोणाकडे होता? त्या नऊ दिवसांत आईनं पोटभर जेवण केलं नाही. भाकरी थापायची, मला वाढायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. आबा आले तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त म्हणाली, "मला कळायला पायजे ना, तुम्ही कुठं हाये ते."

दुसऱ्या दिवशी आबा पोस्टातून कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. मी पाचवीत होते, माझं अक्षर शाळेत पहिलं. "संजना, आपला पत्ता लिही सगळ्यांवर."

"आणि मागं काय लिहू?"

"मागचं मी लिवीन."

त्यांनी कधीच काही लिहिलं नाही. पहिलं कार्ड आलं ते मागून कोरं. आई घाबरली. कोरं का पाठवलं असेल, हात मोडला का काय, असलं काहीबाही बोलत बसली. आबा आल्यावर हसले. "शिक्का बघा की. अकोला. म्हंजे त्या दिवशी मी अकोल्याला बरा व्हतो. अजून काय लिवायचं?"

त्यानंतर आमच्या घरी हा खेळच झाला. कार्ड आलं की मी शाळेचा नकाशा काढायचे आणि आई बोट ठेवायची. नागपूर. रायपूर. संबलपूर. खरगपूर. आई शाळेत गेलेली नव्हती, पण धुळ्यापासून कलकत्त्यापर्यंतचा रस्ता तिला गावं लावून पाठ झाला. आबा रस्त्यावरच्या पेटीत कार्ड टाकायचे नाहीत. गाडी बाजूला लावून पोस्टात जायचे आणि खिडकीवरच्या माणसाला सांगायचे, "साहेब, शिक्का जरा ठळक मारा, घरी पोरगी वाचती." दारामागे तारेचा आकडा होता, त्यात आई सगळी कार्डं अडकवून ठेवायची. कार्ड आलं त्या दिवशी ती दोन भाकरी खायची. इतकं साधं होतं ते.

त्या साध्या गोष्टीचीच मला लाज वाटायला लागली. आठवीत असताना वर्गातली मोहिनी माझ्याकडे अभ्यासाला आली होती. तिचे वडील प्रेसमध्ये, घरी फ्रिज, रविवारी स्कूटरवरून फिरायला. आम्ही दारात बसलो होतो आणि पोस्टमन आला. त्यानं कार्ड तिच्याच हातात दिलं. तिनं उलटं केलं, सुलटं केलं. "कोरंच आहे. तुझ्या वडिलांना लिहिता येत नाही का?"

ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. पण माझे कान तापले. मी म्हणाले, "वडिलांचं नाहीये ते. गावाकडचे एक जण आहेत, त्यांना सवय आहे." वडील काय करतात विचारल्यावर म्हणाले, "ते ट्रान्सपोर्टमध्ये असतात, ऑफिसात." आई आत मशीनवर होती. मशीन थांबलं. मला वाटलं आता ती बाहेर येईल आणि माझ्या कानाखाली देईल. ती आली नाही. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

एकदा बोललेलं खोटं पुन्हा बोलायला काहीच लागत नाही. कॉलेजात गेले, डी.एड. झाले, सगळीकडे आबा 'ट्रान्सपोर्टमध्ये' होते. खोटंही नाही ना, असं मी स्वतःलाच सांगायचे. मोठी हुशार मी.

दोन हजार साली स्थळ आलं. ओझरचं, प्रफुल्ल पगारे, विमानाच्या कारखान्यात टेक्निशियन. वडील वारलेले, घरात फक्त आई, गोजराबाई. स्वतःचं घर, फोन, सगळं. मुलगा सरळ, बोलायला शांत. मला बघताक्षणी आवडला आणि लगेच वाटलं, आता हे मोडलं तर?

मोडू नये म्हणून मामांनी बघण्याच्या दिवशीच सांगून टाकलं, "दाजींचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. दोन गाड्या आहेत." मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होते. आबा समोर खुर्चीत, सफारी घालून, हात मांडीवर. त्यांनी मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी एकच शब्द बोलायला हवा होता. मी बशी पुढे केली. आबा म्हणाले, "हो. चालतंय आपलं."

गोजराबाईंनी डिझेलचं, टायरचं विचारलं. आबांना काय, सगळं तोंडपाठ. इतकं नीट बोलले की मलाच वाटलं, आपल्या दोन गाड्या आहेत.

मग पत्रिका. ते तर मी सांगितलंच. पत्रिका छापून आल्यावर आबांनी चष्मा लावून वाचली. तिसरीपर्यंत शिकलेले, बोट ठेवून वाचायचे. बोट कंसावर आलं आणि तिथंच थांबलं. आई म्हणाली, "वाचा ना पुढं. तुमच्या पोरीनं तुम्हाला मालक केलंय." तिचा आवाज असा होता की मी स्वयंपाकघरात निघून गेले. आबा म्हणाले, "जाऊ दे गं. तिच्या नव्या घरचा प्रश्न हाय."

एवढ्यावर मी थांबले असते तरी थोडं बरं झालं असतं. पण नाही. संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की लग्नाला अड्ड्यावरची माणसं बोलावू नका. ड्रायव्हर लोक आले, दोन घोट घेऊन आले, एखादा बोलून गेला की संपलं. आबा पायांना तेल चोळत होते.

"फकिराला पण नाय?"

"आबा, तेच तर सगळ्यात जास्त बोलतात."

"बरं," आबा म्हणाले.

पंधरा वर्षं ज्याच्यासोबत एका ताटात जेवले, त्या माणसाला माझ्या लग्नाची पत्रिका गेली नाही. फकिराकाकांनी मला लहानपणी रायपूरहून लाकडाची बैलजोडी आणून दिली होती. ती माझ्या खिडकीत तेव्हाही होती.

हळदीच्या दिवशी आबा पुन्हा कार्डांचा गठ्ठा घेऊन आले. "तुझ्या सासरचा पत्ता लिही."

मी वैतागले. "त्यांच्याकडे फोन आहे ना. फोन करा."

"फोनची लाइन लागत नाय कधी कधी. कार्डाला लाइन लागत नाय."

घरात पाहुणे, वादविवाद नको म्हणून मी लिहायला बसले. पटापट, चिडून. हात हळदीचे, नीट पुसले नव्हते. एका कार्डावर माझा अंगठा पिवळा उमटला, पत्त्याच्या शेजारीच. आबा म्हणाले, "राहू दे, तेवढं चांगलं दिसतंय."

लग्न झालं. विहारातले भन्ते आले, त्रिशरण, पंचशील, फुलं, सगळं नीट. आबा सफारीत दाराशी उभे राहून लोकांचं स्वागत करत होते. मामांच्या ऑफिसातला एक जण त्यांच्याशी बोलायला थांबला की माझा जीव टांगणीला. माझ्या लग्नाच्या दिवशी मी नवऱ्याकडे कमी आणि बापाच्या तोंडाकडे जास्त बघत होते. ते काय बोलतील या भीतीनं. ते काहीच चुकीचं बोलले नाहीत.

लग्नानंतर महिन्याभरात ते कार्ड आलं.

दुपार होती. मी डाळ निवडत होते. गोजराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दारातून कार्ड हातात घेऊन आल्या. मागून कोरं. शिक्का संबलपूरचा, ठळक, एकेक अक्षर वाचता येईल असा. आणि पत्त्याच्या बाजूला माझा पिवळा अंगठा. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

"कोणाचं गं हे?"

माझ्या डोक्यात किती गोष्टी एकदम धावल्या. धंदेवाला माणूस संबलपूरला कशाला जाईल? गेलाच तर कोरं कार्ड कशाला पाठवेल? मग लिहिता येत नाही, मग ड्रायव्हर, मग दोन गाड्या, मग मामा, मग पत्रिका. मी डाळीतून हात काढला आणि म्हणाले, "काय माहीत. पोस्टमननं चुकून टाकलं असेल."

माझं स्वतःचं अक्षर. माझा स्वतःचा अंगठा. आणि मी तोंड वर करून म्हणाले, चुकून आलं असेल.

आत्याबाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता विचारतील. त्या म्हणाल्या, "असेल," आणि कार्ड घेऊन आत गेल्या. मी सुटले असं मला वाटलं.

त्या आठवड्यात मी माहेरी फोन लावला, शेजारच्यांकडे, आणि आबांना बोलावून घेतलं. "आबा, इकडे कार्ड पाठवू नका. बरं दिसत नाही." आबांनी विचारलं, "पोचलं व्हतं का पण?"

"हो, पोचलं."

"मग झालं," आबा म्हणाले. पुन्हा कार्ड आलं नाही.

त्यानंतरची सात वर्षं मी काय सांगू? कलकत्त्याला जाताना द्राक्षाची गाडी ओझरवरूनच जाते. हायवेपासून आमचं घर चालत दहा मिनिटं. हंगामात आठवड्या-दोन आठवड्याला माझा बाप माझ्या घराजवळून जायचा आणि थांबायचा नाही, कारण मी सांगितलं होतं, यायचं तर एस.टी.नं या, सफारी घालून या. दिवाळीला यायचे, नातीसाठी खेळणी आणायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर चढून त्यांचे केस ओढायची आणि ते तिची वेणी घालायला बघायचे. मी म्हणायचे, "राहू द्या आबा." प्रफुल्ल मधूनमधून विचारायचे, "आबा सध्या कुठं असतात?" मी म्हणायचे, "कामातच असतात." प्रफुल्ल म्हणायचे, "हं." मग पेपर वाचायला लागायचे.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत आबा गेले. रायपूरच्या अलीकडे, सकाळी दहाच्या सुमाराला, द्राक्षं भरलेली गाडी चालवताना. फकिराकाका शेजारी होते. त्यांनीच नंतर सांगितलं. आबांच्या छातीत कळ आली, तरी त्यांनी गाडी हळूहळू बाजूला घेतली, एका झाडाखाली, झटका न देता. हँडब्रेक ओढला. आणि म्हणाले, "फकिरा, आता तू घे." फकिराकाकांना वाटलं, झोप आली असेल. त्यांनी स्टेअरिंगकडे सरकून बघितलं तर संपलं होतं. मागच्या पेट्यांमधला एकही मणी गळाला नव्हता, हे फकिराकाकांनी तीन वेळा सांगितलं. त्यांना त्या वेळी दुसरं काय सांगावं कळत नव्हतं.

फकिराकाका आबांना घेऊन घरी आले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. सात वर्षं मी त्यांना भेटले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि एक रेक्झिनची पिशवी माझ्या हातात दिली. "केबिनमधी असायची, डोक्यावरच्या फळीवर. तुझं हाय."

पिशवीत कार्डं होती. माझ्या अक्षरात, ओझरचा पत्ता. सगळी कोरी, शिक्का नसलेली. कडा मळलेल्या.

"पोस्टात टाकायची नाय, असं तू सांगितल्यावर टाकली नाय," फकिराकाका म्हणाले. "पण पोस्टापाशी गाडी थांबवायचा. सवय. एक कार्ड काढायचा, पत्ता वाचायचा, परत ठेवायचा. मी म्हनायचो, टाक ना यड्या. तर म्हनायचा, पोरीला बरं दिसत नाय."

मी त्यांना म्हणाले, "काका, लग्नाला तुम्हाला बोलावलं नाही, ते मी..." ते उठलेच. "माहिती हाय गं. पत्रिका बघितली व्हती मी, अड्ड्यावर. चांगली छापली व्हती." आणि चपला घालून निघून गेले. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग पुण्यानुमोदनाची वेळ आली. आमच्यात जलदान विधी, पुण्यानुमोदन, त्याची पत्रिका असते. माहेरच्या त्याच दोन खोल्यांत प्रफुल्ल कागद-पेन घेऊन बसले. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून. आत्याबाई तिच्या शेजारी, तिचा हात हातात धरून. प्रफुल्लनी लिहिलं, 'कालकथित निवृत्ती भिका गांगुर्डे'. आणि मान वर करून मला विचारलं, "पुढे कंसात काय लिहायचं?"

आणि ऐका, माझा बाप जाऊन तीन दिवस झालेले, फकिराकाकांची पिशवी माझ्या मांडीवर, आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"ट्रान्सपोर्ट व्यावसायिक."

विचार न करता. सवयीनं. प्रफुल्लनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या आईकडे बघितलं. आत्याबाईंनी माझ्या आईचा हात हळूच सोडला, पर्स उघडली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

संबलपूरचा शिक्का. पिवळा अंगठा. हळद फिकी झाली होती, पण होती.

"साखरपुड्यानंतर आठ दिवसांनी तुझे आबा आमच्याकडे आले होते," आत्याबाई म्हणाल्या. "एकटेच. खाकी कपड्यात. गाडी हायवेला लावून चालत आले. खुर्ची दिली तर उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, ताई, मी मालक नाय. ड्रायव्हर हाय. दोन गाड्या सांगितल्या त्या नायत. स्थळ मोडायचं तर आत्ताच मोडा, पोरीला दोष देऊ नका. मी म्हणाले, आमच्या प्रफुल्लचे वडील कारखान्यात जायच्या आधी हमाली करायचे, आम्हाला काय सांगता. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं बघ. मग कार्डांचं सांगितलं. म्हणाले, मागून कोरं कार्ड आलं तर घाबरू नका, मी पोचलो असं समजा."

मला काही दिसेना. प्रफुल्ल खाली बघत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सात वर्षं.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला राग येत होता, आणि तो कोणावर हे मला नीट माहीत होतं.

"त्यांनी शब्द घेतला होता आमच्याकडून. म्हणाले, पोरगी स्वतः सांगंल तवा ऐकून घ्या. तोवर तुम्ही इचारू नका, तिला शरमल्यासारखं होईल." आत्याबाईंनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "मी शब्द पाळला. एकदाच चुकले. हे आलं तेव्हा मला राहवलं नाही, वाटलं आता तरी सांगशील. म्हणून एकदाच विचारलं."

आई इतक्या वेळ डोळे मिटूनच होती. ती म्हणाली, "त्या कार्डाचं ते घरी आले की मला विचारायचे. पोरगी काय बोलली असेल गं कार्ड बघून? मी म्हणायचे, खूश झाली असेल."

प्रफुल्लनी कंसात 'ट्रक ड्रायव्हर' लिहिलं आणि माझ्याकडे न बघता कागदाची घडी केली. पत्रिका फकिराकाकांकडे मी स्वतः घेऊन गेले. त्यांनी घेतली, वाचली, डोक्याला लावली. मला चहा दिला. मी पिऊ शकले नाही.

ते कार्ड आता माझ्याकडे आहे. शिक्का अजून ठळक आहे, आबांनी सांगून मारून घेतलेला. मी ते हातात घेते आणि दर वेळी ती दुपार आठवते, डाळ, दार, आत्याबाईंचा हात. त्यांनी विचारलं होतं, कोणाचं गं हे? त्यांना उत्तर माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. मला एकच शब्द बोलायचा होता.

आबांचं.